यानातलं कासव

"मी आता जे सांगणार आहे ते तुम्ही कोणी खरं मानणार नाही," मी म्हणालो. "एका शनिवारी दुपारी दीडच्या सुमाराला आमचे रसायनशास्त्राचे सोनवणे सर प्रयोगशाळेच्या ओट्यावर चढले, भोक पाडलेली सलाईनची बाटली त्यांनी हातात धरली, आणि अवकाशात झालेल्या एका खुनाचा तपास लावण्यासाठी खाली उडी मारली. कुलथे सर फरशीवर पालथे पडून बघत होते."

"सर, पेढा घ्या," हेरंब म्हणाला.

हेरंब जगताप माझा विद्यार्थी. आता धुळ्याला लोकांचे एक्स-रे काढतो, त्यामुळे आत काय आहे ते बघितल्याशिवाय त्याला काही म्हणजे काही पटत नाही. माझ्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला आला होता, आणि येताना वाटेत बोरसेबाईंना गाडीत घालून घेऊन आला होता. कुंदा बोरसे. आमच्याच शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. त्या शनिवारी प्रयोगशाळेत आम्ही चार शिक्षक होतो. कुलथे गेले, सोनवणे गेले, राहिलो मी आणि या.

"बाईंना विचार," मी म्हणालो.

बाई पेढ्यावरचा पिस्ता नखाने काढत होत्या. "मारली उडी," त्या म्हणाल्या. "पाय मुरगळला. पुढे पंधरा दिवस लंगडत होते."

हेरंबने हातातला पेढा खोक्यात परत ठेवला. मग मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते असं.

साल चौऱ्याऐंशी. त्याच वर्षी आपला माणूस अवकाशात जाऊन आला होता आणि गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वजन नसण्याची गोष्ट. आमचं गाव गिरणेच्या काठचं, तालुक्याचं. तिथे आम्ही चौघांनी विज्ञान अध्यापक मंडळ काढलं होतं. नाव लांबलचक, माणसं चार. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रयोगशाळेत बसायचं आणि एखाद्या पुस्तकावर चर्चा करायची. पण चर्चा म्हणजे नुसत्या गप्पा नकोत, असं कुलथे सरांचं म्हणणं. कुलथे सर पदार्थविज्ञानाचे. घरी आमटीत मीठ कमी पडलंय असं बायको म्हणाली तर "किती ग्रॅम?" विचारणारा माणूस. त्यांनी नियम घातला होता की प्रत्येकाने पुस्तक वाचून ते प्रयोगवहीच्या कागदावर लिहून आणायचं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मग पुस्तक कुठलंही असो. एका प्रवासवर्णनाचं साहित्य आम्ही 'बोट एक, समुद्र एक, लेखक एक' असं लिहिलं होतं.

"हे तरी खोटं ना?" हेरंबने बाईंना विचारलं.

"समुद्राच्या पुढे कंसात 'खारा' होतं," बाई म्हणाल्या.

तर त्या वर्षी पावसाळा सरता सरता डॉक्टर उपासनी शाळेत आल्या. कमल उपासनी. गावातल्या निम्म्या माणसांनी जगात आल्यावर पहिलं तोंड पाहिलं ते त्यांचं. हेरंबनेसुद्धा. सत्तरीला आल्या होत्या, दवाखाना बंद करून अकरा वर्षं झाली होती. अंगाने काडी, पण चालणं असं की वऱ्हांड्यातली पोरं आपोआप भिंतीला लागायची. त्या दिवशी हातात कापडात बांधलेलं एक बाड होतं.

"कादंबरी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं लिहीत होते. रहस्यकथा म्हणा. अवकाशस्थानकात घडते. तिथे एक बाई मरते."

"कशाने?" सोनवणे सरांनी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. शेवट मी लिहिलेला नाही. पुरावा सगळा आत आहे. त्यावरून जबाबदार कोण, ते तुम्ही ठरवा. दयामाया मध्ये आणू नका. शास्त्राची माणसं आहात म्हणून तुमच्याकडे आले."

"आणि ठरवलं की?" मी म्हणालो.

"प्रकाशक मागे लागलाय. तुमचं अनुमान ऐकेन आणि मग त्याला द्यायचं की नाही ते बघेन. नाही दिलं तर हे बाड पुन्हा उघडायचं नाही, असं मी स्वतःशी ठरवलंय. दुसरी प्रत नाही, जपून वापरा."

आम्हा चौघांचे चेहरे तुम्ही बघायला हवे होते. आजवर पोरांना पास-नापास केलेलं. पण ज्या बाईंनी निम्म्या गावाची नाळ कापली त्यांनाच पास-नापास करायचं, म्हणजे जरा छातीत हवा भरते. कुलथे सरांनी तिथल्या तिथे वेळापत्रक केलं. बाड एकेकाकडे एकेक आठवडा. आधी मी, मग सोनवणे, मग स्वतः कुलथे, शेवटी बोरसेबाई. चर्चा चालू असताना लेखिकेने आत बसायचं नाही. फक्त अनुमान ऐकायला यायचं. ते डॉक्टरीणबाईंनी एकदम कबूल केलं. मला वाटतं, त्यांना तेच बरं होतं.

आता माझा आठवडा. त्या आठवड्यात तालुक्याच्या कॅरम स्पर्धा होत्या आणि मी उपांत्य फेरीत होतो. याचा अर्थ तुम्ही काढालच. शनिवार संध्याकाळ आली, दुसऱ्या दिवशी बाड सोनवण्यांकडे द्यायचं, आणि मी कापडसुद्धा सोडलेलं नाही. सोडलं. आत टाईप केलेले कागद सुतळीने चहूबाजूंनी बांधलेले. सुतळी सोडली आणि मी पहिलं पान वाचलं. अवकाशस्थानक पृथ्वीपासून चारशे किलोमीटर वर, त्यात सहा माणसं, त्यांचा डॉक्टर म्हणजे कोणी साने, आणि यंत्रांची इंजिनीयर लीला नावाची बाई एकाएकी आजारी पडते. चांगलं होतं. मग मी शेवटचं पान वाचलं. 'डॉक्टर सान्यांनी हातमोजे काढले. कोणाकडेही न बघता ते आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.' संपलं.

मी विज्ञानाबरोबर गणितही शिकवत असे. आलेखावर दोन बिंदू मिळाले की सरळ रेषा काढता येते. मधे काय काय आहे ते कोणी विचारत नाही. पहिल्या पानावर बाई आजारी, शेवटच्या पानावर डॉक्टर तोंड लपवतो. खून डॉक्टरने केला. कशाने? सलाईनने. डॉक्टरांच्या हाताशी दुसरं काय असतं? मी प्रयोगवहीचे दोन कागद घेतले आणि लिहून काढलं. उद्देश, लीलाचा खून कोणी केला ते शोधणे. निरीक्षण, रुग्णाला एकशेचार पूर्णांक सहा ताप. डॉक्टर म्हणतो, सलाईन टपटप चालू आहे. अनुमान, डॉक्टर दोषी. फक्त साहित्यात अडलं. अवकाशस्थानक, डॉक्टर, रुग्ण, सलाईन. चारच वस्तू. कुलथे सर साहित्यात पाचाच्या खाली काही चालवून घेत नसत. म्हणून पाचवं लिहिलं, कासव.

"कासव?" हेरंब म्हणाला.

"हत्ती यानात मावला नसता."

"पण का, सर?"

"का म्हणजे काय. ओळ रिकामी होती."

हेरंबने बोरसेबाईंकडे बघितलं. बाईंनी नुसती मान हलवली, म्हणजे हो, कासव होतं.

मी सुतळी पुन्हा बांधली, वरून कापड गुंडाळलं. माझे दोन कागद कापडाच्या आत, बाडाच्या वर तसेच राहिले. विसरलो म्हणा. सोनवणे सरांच्या घरी नेऊन दिलं आणि मी ते डोक्यातून काढून टाकलं. स्पर्धेत हरलो, तेही सांगून टाकतो.

तीन आठवडे गेले. शेवटचा शनिवार उजाडला. साडेबाराला शाळा सुटली, पोरं पांगली, आम्ही चौघं प्रयोगशाळेत. बाड मधल्या ओट्यावर. शेजारी वजनकाट्यांची खोली होती, तिचं दार जाड आणि काटे हलू नयेत म्हणून खिडक्या कायम बंद. तिथे डॉक्टरीणबाईंना खुर्ची आणि चहा दिला होता. त्या महिन्याचा अध्यक्ष मी. म्हणजे शेवटी अनुमान मी वाचायचं.

सुरुवात सोनवण्यांनी केली. घसा साफ करून ते वाचायला लागले, "उद्देश, लीलाचा खून कोणी केला ते शोधणे. साहित्य, अवकाशस्थानक, डॉक्टर, रुग्ण, सलाईन, कासवे दोन."

मला वाटलं माझे कान वाजले.

"दोन?" कुलथे सर म्हणाले. "माझ्याकडे एकच आहे. कासव, जिवंत, एक."

"नीट वाचलं नसेल तुम्ही," सोनवणे म्हणाले. "दुसरं नंतर येतं."

"कुठल्या पानावर?"

"पान आता कुठे लक्षात राहतं. मधे कुठेतरी."

"आणि ताप?"

"एकशेचार पूर्णांक आठ."

"एकशेचार पूर्णांक चार," कुलथे म्हणाले. "मी स्वतः नोंद केलीय."

आता मी काय सांगतो ते नीट ऐका. ताप माझा. माझ्या डोक्यातून निघालेला. कासवही माझंच. आणि ही दोन शहाणी माणसं त्याच्या दशांशावरून भांडत होती. एक क्षणभर मला वाटलं, मी न वाचता बरोबर ओळखलं की काय. असं होतं कधीकधी. पोरगं गणित न करता उत्तर लिहितं आणि ते बरोबर येतं. पण कासव?

मी बोरसेबाईंकडे वळलो. त्या तेव्हा पंचविशीच्या, नोकरी लागून सहा महिने झालेले. कधी खोटं बोलतील असं वाटायचं नाही. "बाई, तुमच्या वाचनात कासव आलं?"

बाईंनी कागद पुढे केला. त्यावर आकृती होती. कासवाची. कवच, मान, पुढचा पाय, मागचा पाय, शेपूट, सगळीकडे बाण काढून नावं दिलेली. पेन्सिलीने छाया दिलेली.

"ही आकृती खरंच काढली होतीत?" हेरंबने विचारलं.

"भाग सुटसुटीत दाखवले होते," बाई म्हणाल्या. त्यांचा पेढा अजून तसाच होता.

ती आकृती बघितली आणि माझं डोकंच चालेना. दोघं चुकतील, पण तिसरीने पाय मोजून काढलेत. मग असेल. पुस्तकात कासव असेल. मी चेष्टेने लिहिलं आणि डॉक्टरीणबाईंनी अकरा वर्षांपूर्वीच ते यानात घालून ठेवलं असेल. पहिल्या पानावर सहा माणसं होती, ती मी मनात पुन्हा मोजली. त्यात कासव बसेना.

तिकडे चर्चा जोरात.

"कासवाने सलाईनची नळी तोडली असेल तर?" सोनवणे म्हणाले.

"कासवाला दात नसतात," बोरसेबाई म्हणाल्या.

"मग कासव सुटलं."

"एक सुटलं," कुलथे म्हणाले. "तुमचं दुसरं?"

"दोन्ही एकाच जातीची होती."

"कासव सोडा. मुद्दा सलाईनचा आहे." कुलथे सर उठले. त्यांना खरा आनंद आता व्हायला लागला होता. "डॉक्टर म्हणतो, सलाईन टपटप चालू आहे. थेंब खाली का पडतो? वजनामुळे. तिथे वजन नाही. म्हणजे थेंब पडणारच नाही. म्हणजे सलाईन चालू नव्हतंच, आणि डॉक्टरला ते माहीत असलंच पाहिजे. तरी तो चालू आहे म्हणतो. का म्हणतो?"

"पण खरंच पडणार नाही का?" सोनवणे म्हणाले. "बाटली तर भरलेली आहे. आतलं पाणी ढकलेल की."

"पैज?"

असं करत ती बाटली आली. बाजूला भोक पाडलेली, पाण्याने भरलेली. हातात धरली की भोकातून धार लागायची. कुलथे सरांनी सांगितलं, बाटलीसकट माणूस खाली पडत असतो तेव्हा बाटलीला आणि पाण्याला दोघांनाही वजन नसतं, तेवढा वेळ धार थांबते. थांबली तर डॉक्टर खोटारडा. सोनवणे ओट्यावर चढले. कुलथे धार डोळ्यांच्या रेषेत यावी म्हणून फरशीवर आडवे झाले. बोरसेबाईंनी भोकाच्या खाली बादली सरकवली.

त्या गडबडीत माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी बाडावरचं कापड बाजूला केलं. म्हटलं कासव शोधूया. आणि सुतळीची गाठ बघून माझा हात तिथेच थांबला.

मी डावखुरा आहे. माझी गाठ उलटी बसते, शेपूट डावीकडे वर जातं. बायको माझ्या बांधलेल्या गाठीला नावं ठेवते, तशी गाठ गावात दुसरं कोणी बांधत नाही. ती माझी गाठ होती. मी बांधलेली, जशीच्या तशी. तीन आठवडे तीन घरांत हिंडलं ते बाड, आणि ती सुतळी कोणी सोडली नव्हती. नुसतं कापड उघडलं, वर ठेवलेले माझे कागद बघितले आणि पुन्हा गुंडाळलं.

वर्गातली पोरं एकमेकांची रीडिंग उतरवतात तेव्हा काय करतात? सगळं सारखं लिहितात आणि दशांशचिन्हाच्या पुढचा आकडा तेवढा बदलतात. एकच चूक चार वह्यांत सापडली की आम्ही चौघांना उभं करायचो. आयुष्यभर तेच केलं. आणि ओट्यापाशी त्या दुपारी चार वह्यांत एक कासव.

नंतर कुलथ्यांनी मला त्यांच्या बाजूने हिशोब सांगितला होता. तुमचं रीडिंग वरच ठेवलेलं होतं, दुसरं घ्यायची गरज नव्हती.

मी तोंड उघडणार इतक्यात सोनवणे सरांनी उडी मारली.

धार थांबली. खरंच थांबली, अर्धा सेकंद असेल. कुलथे सर खालून ओरडले, "थांबली." आणि सोनवणे बादलीत पडले. एक पाय बादलीत, एक बाहेर. पाणी सगळीकडे, कुलथ्यांच्या चष्म्यावर, माझ्या धोतरावर.

"धोतर?" हेरंब म्हणाला.

"पँट होती," बोरसेबाई म्हणाल्या.

बरं, पँट. आवाज एवढा मोठा झाला की जाड दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई आत आल्या. काय झालं, का झालं, काही विचारलं नाही. सरळ फरशीवर बसल्या, सोनवण्यांचा पाय मांडीवर घेतला, बोटाने घोटा चाचपला. "मोडलेला नाही," म्हणाल्या. बोरसेबाईंची ओढणी मागून घेतली आणि आठाच्या आकारात गुंडाळायला लागल्या. ओल्या फरशीवर, सत्तर वर्षांची बाई. हात इतके सराईत की त्यांच्याकडेच बघत राहावं.

गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "झालं का तुमचं?"

"झालं," कुलथे सर म्हणाले. चष्मा पुसत होते. "एकमताने."

"सांगा."

अध्यक्ष मी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताखाली ती गाठ. मी बोललो नाही, तेव्हा कुलथ्यांनी सांगितलं. "डॉक्टर दोषी आहे."

ओढणीचा एक वेढा पडला, मग दुसरा.

"पान एकशेबेचाळीस वाचलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "वजन नाही म्हणून सलाईन जात नाही हे त्याच्या लक्षात येतं. मग तो पिशवी हातात धरतो आणि दाबत बसतो. नऊ तास. बोटं वळतात त्याची."

बाहेर शिपाई पाणी मारत होता त्याचा आवाज येत होता.

"वाचलं," कुलथे सर म्हणाले.

"वाचलं," सोनवणे म्हणाले. पाय डॉक्टरीणबाईंच्याच मांडीवर होता.

"तरीही?"

"दाबून पुरेसं जात नाही, बाई. दाब सारखा राहत नाही." कुलथ्यांना सुचलं आणि त्यांनी ते म्हटलं. शास्त्र म्हणून ते बरोबरही असेल.

"आणि दुसरी बाई वाचली, हे धरूनही?"

"दुसरी कुठली?" सोनवण्यांच्या तोंडून गेलं.

मला काही कळेना. दुसरी बाई कोण, ती कधी आजारी पडली, कशी वाचली, माझ्या दोन बिंदूंच्या मधल्या रेषेवर असं कोणी नव्हतं. बोरसेबाई माझ्याकडे बघत होत्या, मी कुलथ्यांकडे, आणि कुलथे म्हणाले, "ते धरूनच."

डॉक्टरीणबाईंनी ओढणीचं टोक खोचलं. पाय हळूच मांडीवरून खाली ठेवला. पण उठल्या नाहीत.

"साने वगैरे कोणी नाही," त्या म्हणाल्या. "मी आहे ती. अठ्ठावन्न सालची गोष्ट. दोन बाळंतिणी, एकाच दुपारी, दोघींचं रक्त थांबेना. दोघींचा गट एकच निघाला. जिल्ह्याहून रक्ताची बाटली आली ती एकच. कोणाला लावायची ते मी ठरवलं. जिला ते मिळालं नाही तिला नुसतं सलाईन देत बसले, ती गेली. तिची सासू दाराशी उभी होती, तिला वाटलं दोघींना सारखंच चाललंय. मी तसं वाटू दिलं. कोणाला बोलले नाही कधी. इथे लिहिलं असतं तर गावाने ओळखलं असतं. म्हणून वर नेऊन ठेवलं, चारशे किलोमीटर. आपणच आपला निकाल लावायचा म्हणजे कधी सोडून देतो, कधी फाशी देतो. म्हटलं, ज्यांना माहीत नाही त्यांनी नुसता पुरावा बघून सांगावं."

चार माणसं. मधलं एकही पान कोणी वाचलेलं नाही. आणि आम्ही त्या बाईला दोषी ठरवून बसलो होतो. तेही माझ्या सलाईनच्या वाक्यावरून, जे मी कॅरमवरून आल्यावर पाच मिनिटांत लिहिलं होतं.

हेरंब पुढे सरकून बसला होता. "मग?" तो म्हणाला.

मग काय. मग मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "बाई, थांबा. आमच्यातल्या कोणी तुमचं पुस्तक वाचलेलं नाही. ही गाठ बघा, माझी आहे, तीन आठवडे सुटलेली नाही. मी पहिलं पान वाचलं आणि शेवटचं वाचलं, बाकी सगळं मनाने लिहिलं, यांनी माझं उतरवलं. तुमच्या कादंबरीत कासव नाही. आमच्या चारही कागदांत आहे." आणि चारही कागद त्यांच्यापुढे ठेवले. डॉक्टरीणबाईंनी एकेक वाचला. बोरसेबाईंची आकृती बघितली आणि त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग त्या ओल्या फरशीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. कुलथे सरसुद्धा हसले, आयुष्यात पहिल्यांदा. मग आम्ही तिथेच सुतळी सोडली, पाळीपाळीने मोठ्याने वाचायला बसलो, दिवेलागणीला संपवलं. आणि चौघांनी खरं अनुमान दिलं की तिथे दुसरं कोणीही असतं तरी एवढंच करता आलं असतं. दिवाळीच्या आत पुस्तक निघालं. प्रस्तावनेत आमच्या मंडळाचे आभार आहेत.

मी पाण्याचा घोट घेतला.

"हे पटलं," हेरंब म्हणाला. खुर्चीला टेकून बसला, चेहरा मोकळा झालेला. बोरसेबाईंकडे त्याने या वेळी बघितलंसुद्धा नाही. "बाकीचं कसंही असो, शेवट पटला. तुम्ही तसेच आहात, सर. वर्गातसुद्धा चूक झाली की लगेच कबूल करायचात. पुस्तकाचं नाव काय? मला वाचायचंय. माझी आई सांगते, मी त्यांच्याच हातचा."

मी नाव आठवत होतो. एखादं चांगलं नाव.

"तसं पुस्तक नाही, हेरंब," बोरसेबाई म्हणाल्या.

"म्हणजे आता मिळत नाही?"

"निघालंच नाही." बाईंनी पेढा बशीत ठेवला आणि बोटं पुसली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, तीसेक वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या त्याच आवाजात बोलत होत्या. "त्या उठल्या. बाड उचललं. सोनवणे सरांना म्हणाल्या, दोन दिवस पाय उशीवर ठेवा. मला म्हणाल्या, ओढणी धुवून पाठवते. कुलथे सर दार उघडायला गेले तर त्यांचं त्यांनीच उघडलं. मी वऱ्हांड्याच्या पायऱ्यांपर्यंत मागे गेले होते."

"बाई," मी म्हणालो.

"नाही, सर, एवढं खोटं राहू देणार नाही मी. तुम्ही उठला नाहीत. हात त्या गाठीवरून काढून घेतलात आणि खाली बघत बसलात. त्या उतरून फाटकाकडे चालल्या होत्या, हाकेच्या अंतरावर होत्या, आणि मीही हाक मारली नाही."